वासाला पाचपैकी किती

१२ नोव्हेंबर

वन्सं यांस,

वयानं धाकट्या म्हणून आशीर्वाद आणि शिकलेल्या म्हणून नमस्कार. हवं ते ठेवून घ्या, उरलेलं परत पाठवा.

फोनच करायला हवा होता, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. पत्रात माणसाला मधेच तोडता येत नाही, हा पत्राचा मोठा फायदा आहे.

बातमी अशी, की तुमच्या वहिनीला काम मिळालं. पगार नाही, नुसता मान आहे. तुम्ही आखलेला तो कोळशाचा टॉवर रंगाच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून उभा राहिला. दिसायला पाण्याच्या टाकीसारखाच आहे, फक्त जास्त ऐट करतो. काल त्यावरून हेडमास्तरांच्या घरी सभा झाली. हेडमास्तर म्हणजे आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरातले, नाल्याच्या वासाबद्दल अर्ज लिहिण्यात ज्यांनी निवृत्ती घालवली ते. कारखान्याचे मालकही आले होते. मालक म्हणाले, "पाण्याचे आकडे लॅबवाले देतील. पण तुम्ही तक्रार आकड्यांची केली नव्हती, वासाची केली होती. तेव्हा वास गेला की नाही, हे तुमच्यापैकीच कुणीतरी सांगा." त्यांचा डाव मला कळला. टॉवर त्यांना प्रदूषण बोर्डानं प्रयोग म्हणून घ्यायला लावलाय. प्रयोग फसला असं एकदा कागदावर आलं, की टॉवर भंगारात जाणार, रंगाचं पाणी पुन्हा थेट नाल्यात येणार आणि दुसरा उपाय शोधायला मालक आरामात वर्षानुवर्षं घेणार.

हेडमास्तरांनी लगेच ठराव मांडला. रोज सकाळी एका माणसानं नाल्याच्या काठी बसून वास घ्यायचा आणि त्याला पाचपैकी गुण द्यायचे. शून्य म्हणजे वास नाही, पाच म्हणजे पळा. फेब्रुवारीअखेर सगळ्या गुणांची सरासरी एकच्या खाली आली तर टॉवर पास.

"पण नाक कुणाचं?" मालकांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोपऱ्यावरच्या घरातला गॅस गळत होता तो मी माझ्या शिवणाच्या मशीनवर बसल्या जागी ओळखला होता, ते लोक विसरलेले नाहीत. एक जण म्हणाला, "टॉवर यांच्या नणंदेचा आहे. या बाजू घेतील." त्यावर हेडमास्तर म्हणाले, "यांनी नणंदेबद्दल आजवर एक तरी चांगला शब्द काढलेला कुणी ऐकलाय का?" माझी निवड एकमतानं झाली.

टॉवरमधून अजून पाणी सोडलेलं नाही, म्हणून आजचे गुण पाच. सडलेली दोरी, रॉकेल आणि त्यात कुणीतरी सांडलेलं खोकल्याचं औषध, असा तो वास. तुम्हाला काय सांगायचा? तुमचे दादा जन्मभर रंगाच्या टाक्यांवर राबले आणि रोज संध्याकाळी हाच वास अंगावर घेऊन घरी आले. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी त्यांच्याकडे पाठ करून झोपायची. मग मी साबण बदलला. मग दुसरा साबण. शेवटी मी नाकच बदललं. 

तुमचे दादा गेले, पण वास मागे ठेवून गेले. आता तोही न्यायला तुम्ही निघालात.

वहिनी


२० नोव्हेंबर

वहिनी,

आशीर्वाद ठेवला, नमस्कार परत पाठवलाय.

थट्टा पुरे, आता नीट ऐक. हा माझा पहिला टॉवर आहे. आजवर दुसऱ्यांच्या आराखड्यांवर मी नुसती बेरीज तपासायची. या आराखड्यावर खाली माझं नाव आहे. तो पडला तर मी पुन्हा बेरजा तपासायला. आमचे साहेब तसं स्पष्ट बोललेत, आणि हसत बोललेत, ते जास्त वाईट.

तू मागे विचारलं होतंस, कोळशात पाणी घातलं तर काळं व्हायचं सोडून स्वच्छ कसं होतं. हा कोळसा चुलीतला नव्हे. करवंट्या जाळून त्यांचा कोळसा करतात आणि मग कडक वाफेनं भाजून त्याला आत भोकं पाडतात. इतकी बारीक, की मोठ्या सूक्ष्मदर्शकालाही धड दिसत नाहीत. चमचाभर कोळशाच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर खेळायचं मैदान झाकलं जाईल. पाण्यात विरघळलेला रंग, तेलकट आणि औषधी वासाचे पदार्थ त्या भिंतींना चिकटतात. पाणी पुढे जातं, ते मागे राहतात. कोळसा वासाला मारत नाही, नुसता धरून ठेवतो. सगळ्या भिंती भरल्या की त्याला काढून बंद भट्टीत तापवायचं, तेव्हाच तो धरलेलं सोडतो.

आता तुझं काम. वास घेण्याआधी चहा नको, साबण नको, केसांना तेल नको. जागा तीच, वेळ तीच. आणि टॉवर सुरू व्हायच्या आधी नाल्याच्या पाण्याच्या दोन काचेच्या बाटल्या भरून पाठव. एक तपासायला, एक राखीव. काठोकाठ भर, आत हवा राहिली तर वास हवेत निघून जातो. बाटल्या कारखान्यातूनही येतील, पण ते लोक त्यात नळाचं पाणी मिसळतात.

माझी बाजू घेऊ नकोस. तशी भीती नाही, तरी सांगून ठेवते.

तुझी नणंद


३० नोव्हेंबर

वन्सं,

बाटल्या पाठवल्या. पार्सलवाल्यानं विचारलं, आत काय? मी म्हटलं, नाला. त्यानं कागदावर "औषध" लिहिलं.

भरताना माझा एक पाय घसरून आत गेला आणि घोट्यापर्यंत निळा झाला. मागच्या दारापासून मोरीपर्यंत फरशीवर निळी पावलं उमटली. तुमचे दादा टाक्यांवरून आले की अश्शीच उमटायची आणि मी पोचा घेऊन मागे मागे बडबडत जायची. ही माझी स्वतःची होती, तर बडबडायचं कुणावर? पुसायचं राहून गेलं. अजून आहेत.

तुमचा कोळसा मला पटला. वाचनालयात जाऊन मीही वाचलं. तिथे विश्वकोशाचा "क"चा खंड आहे, बाकीचे कुणी नेले ते परत आले नाहीत, त्यामुळे कोळसा, कासव आणि कांजिण्या या विषयांवर मला आता कुणी हरवू शकत नाही. पण चमचाभर वस्तूत मैदान मावतं हे वाचून मी तुमच्या दादांची उशी बघितली. त्यातही बरंच काही मावत होतं हो. ते गेल्यावर तुम्ही आला होतात तेव्हा तिचा अभ्रा धुतलात. कपाटातला एकूणएक कपडा धुतलात, इस्त्री केलीत, घड्या घातल्यात. फार स्वच्छ धुतलेत. तुम्ही गेल्यावर मी कपाट उघडलं तर कापडाच्या दुकानाचा वास आला. असो.

टॉवर परवा सुरू झाला. मी सकाळी मागचं दार उघडते, अंगावर काहीतरी टाकून पायरीवर बसते, डोळे मिटते आणि नाक कामाला लावते. चहा नाही, साबण नाही, तेल नाही. माझा अवतार बघून दूधवाला दुसऱ्या बाजूनं जातो.

आजचे गुण चार.

वहिनी


१६ डिसेंबर

वहिनी,

बाटल्या पोचल्या. टॉवरच्या अलीकडचं आणि पलीकडचं पाणी मी स्वतः तपासलं. अलीकडे काय आहे ते विचारू नकोस, जेवण जाणार नाही. पलीकडे रंग जवळजवळ नाही आणि वासाचे पदार्थ आमच्या यंत्राला सापडतही नाहीत.

आणि तू पाठवलेल्या तक्त्यात रोज चार. एक दिवस साडेतीन, त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा चार.

मला वाटतं नाल्याच्या तळाला जुना गाळ बसलाय, त्याचा वास असेल. स्वच्छ पाणी वाहिलं की तो धुपून जाईल. थोडा धीर धरू या. 

घर कसं आहे? एकटी जेवतेस की उभ्या उभ्या गिळतेस?

तुझी नणंद


२८ डिसेंबर

वन्सं,

उभ्या उभ्या. बसलं की समोरची खुर्ची दिसते.

गाळ धुपला. आता नाल्याचा तळ दिसतो. इतकी वर्षं आपण कशाच्या शेजारी राहत होतो ते एकदाचं कळलं. दोन बादल्या, सायकलचं एक चाक, आणि हेडमास्तरांची छत्री. ती चोरल्याचा आळ त्यांनी शेजाऱ्यावर घेतला होता आणि त्यापायी दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. छत्री बाहेर निघाली आणि हेडमास्तर शेजाऱ्यांकडे चहाला गेले. तुमच्या टॉवरनं एवढं तरी केलं.

पण गुण चारच. ओळीतल्या बायका म्हणतात, "अहो, वास गेला की! खिडक्या उघड्या टाकून झोपतोय आम्ही." हेडमास्तर म्हणतात, "तुमच्या नाकांना विचारलंय कुणी? ठरावात एकच नाक आहे." ठरावापुढे त्यांना स्वतःचं नाकही चालत नाही.

मालकांना मात्र माझा फार उमाळा आलाय. परवा रस्त्यात गाडी थांबवून तब्येत विचारली. "तुम्ही अशाच खरं लिहीत राहा," म्हणाले. मला ते आवडलं नाही. त्या माणसाला माझं काहीही आवडावं, हे मला आवडत नाही. पण वन्सं, येतो तो वास. पायरीवर बसून डोळे मिटले की येतो. मी खोटं कसं लिहू?

वहिनी


९ जानेवारी

वहिनी,

तुझ्या चारपायी मी टॉवर रिकामा करवला. कधी कधी पाणी कोळशातून न जाता कडेकडेनं वाट काढून पळतं. तसं असेल म्हणून सगळा कोळसा काढून नवा भरला. जुन्या कोळशाची भोकं अर्धीही भरलेली नव्हती. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि विचारलं, "तुमच्या वहिनींचं आणि तुमचं काही आहे का?"

मी नाही म्हटलं. आता तुला विचारते. आहे का?

मी कपडे धुतले होते तो विषय तू पत्रात दोनदा काढलास. एकदा "फार स्वच्छ" म्हणून आणि एकदा "असो" म्हणून. तुझं "असो" मी ओळखते, वहिनी. राग असेल तर माझ्यावर काढ, टॉवरवर काढू नकोस.

राग नसेल तर दुसरी शक्यता जास्त वाईट. नसलेला वास येणं हे डोक्यातल्या आजाराचंही लक्षण असतं. नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे जा. आणि याची उत्तरं लिहून पाठव: सकाळी उठल्यावर काय खातेस, काय पितेस, कशानं तोंड धुतेस, घरात काय जळत असतं, वास घेताना अंगावर काय घालतेस.

मी घाबरले आहे, म्हणून असं लिहिलंय.

तुझी नणंद


१७ जानेवारी

वन्सं,

डॉक्टरकडे गेले. त्यानं माझे डोळे बांधले आणि नाकाखाली एकेक बाटली धरली. लवंग, सांगितली. कापूर, सांगितला. व्हिनेगर, सांगितलं. मग त्यानं रिकामी बाटली धरली, तर मी म्हटलं, "ही रिकामी आहे, आणि तुम्ही दुपारी कांदा खाल्लात." त्यानं पट्टी सोडली आणि सांगितलं, की हे नाक माणसाचं असेल असं वाटत नाही, बाकी काही दोष नाही. डोकंही तपासलं. आत आहे ते जागच्या जागी आहे म्हणाला.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. खाते काय? काही नाही. पिते काय? पाणी. तोंड कशानं धुते? पाण्यानं. घरात काय जळतं? तुमचं पत्र वाचून माझा जीव. अंगावर काय घालते? कपडे घालते. तुम्हाला काय वाटलं?

आणि टॉवरवर राग काढायला मी तुमच्याइतकी शिकलेली नाही. मला राग आला की मी तो माणसावरच काढते, समोर उभं करून काढते. कपडे धुतलेत त्याचा राग होता. होता म्हणजे आहे. पण तुमचा हात त्या दिवसांत रिकामा राहत नव्हता, हेही मी पाहिलं होतं. रडायचं सोडून तुम्ही धूत होतात. मी काही बोलले नाही. त्याचाही मला राग आहे.

आजचे गुण चार.

वहिनी


३० जानेवारी

वहिनी,

मंगळवारी मी तिथे येऊन गेले. तुला कळवलं नाही, कारण तू तयारी केली असतीस. पहाटेच्या गाडीनं आले आणि नाल्याच्या पलीकडच्या काठानं, कारखान्याच्या बाजूनं, बाटली घेऊन चालत आले. पाण्याचा वास घेतला. मला काहीच आला नाही. तेवढ्यात समोर तुझं मागचं दार उघडलं.

मला आधी वाटलं, दादाच येऊन बसला. 

निळा कोट, त्याचा कामावरचा. उजव्या खिशाला तू लावलेलं ते तिरकं ठिगळ. बाह्या तुझ्या हातांच्या कितीतरी खाली लोंबत होत्या. अख्ख्या ओळीच्या बाह्या आखूड करून देणारी तू, त्या दोन तशाच ठेवल्यास. तू कॉलर वर केलीस, हनुवटी आत घातलीस, डोळे मिटलेस आणि बराच वेळ तशी बसलीस. मग आत जाऊन तक्त्यावर लिहून आलीस.

चार लिहिलंस ना?

मी पलीकडूनच परत गेले. हाक मारायचं धाडस झालं नाही. हा कोट माझ्या हातून कसा सुटला, एवढंच गाडीत बसून आठवत होते. मागच्या दाराच्या खिळ्यावर असणार. मी सगळं घर उपसलं तेव्हा दार उघडं होतं, म्हणून तो दारामागे राहिला.

वहिनी, तू नाल्याला गुण देत नाहीयेस. एक सकाळ तो न घालता बस. नंतर काय लिहायचं ते तू ठरव.

तुझी नणंद


५ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस तुमच्याशी मनातल्या मनात भांडले. त्यात मीच जिंकले, पण उपयोग झाला नाही.

गारठा होता म्हणून कोट घालत होते, हे खरं आहे. घरात शाल आहे, हेही खरं आहे. कोटात बसलं की वास यायचा, आणि समोर नाला असायचा, तर मी तो नाल्याच्या नावावर लिहायची. जाणूनबुजून केलं का, असं विचाराल तर नाही. कळायला हवं होतं का, असं विचाराल तर गॅस ओळखणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. विश्वकोशाच्या "क"मध्ये कोटाबद्दल काही नव्हतं, एवढंच माझ्या बाजूनं.

काल शाल घेऊन बसले. डोळे मिटले. ओली माती, थोडा लोखंडाचा गंज, आणि पाणी. पाण्याला वास नसतो असं शाळेत शिकवतात. मी शाळा चौथीत सोडली, म्हणून मला येत असेल.

शून्य. आज पुन्हा बसले. आजही शून्य.

म्हणजे इतके दिवस मी तुमच्या दादांना चार गुण देत होते. पाच देता आले असते, पण संसारात मी त्यांना कधी पुरते गुण दिले नाहीत.

आता सभेत काय सांगू? आता रोज शून्य लिहिलं तरी सरासरी खाली येत नाही. महिनाअखेरीला मालक माझा तक्ता वाचणार आणि टॉवर काढणार. खरं सांगावं तर अख्खी ओळ हसेल, की ही बाई रोज सकाळी नवऱ्याच्या कोटात नाक घालून बसते.

वहिनी


१० फेब्रुवारी

वहिनी,

सर्दी होती म्हणून सांग. मी डॉक्टरची चिठ्ठी मिळवते. कोट कुणाला कळायचं काही कारण नाही. ती गोष्ट तुझी आहे.

आणि त्यांनी सर्दी मानली नाही, टॉवर गेला, तर जाऊ दे. बेरजा तपासायला मला येतात.

तुझी नणंद


२ मार्च

वन्सं,

सर्दी? लवंग, कापूर आणि डॉक्टरचा कांदा ओळखणाऱ्या बाईला? तुम्हाला खोटं बोलताही येत नाही, म्हणून तुमच्यावर टॉवर सोपवतात.

काल सभा झाली, हेडमास्तरांच्याच घरात. मालक नव्या कोटात आले होते. मी जुना कोट पिशवीत घालून नेला. मालकांनी माझा तक्ता हातात घेतला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "चार, चार, चार, चार..." जसं काही लिलावच चाललाय. "तुमच्याच नाकानं सिद्ध झालं," म्हणाले, "की हा टॉवर कुचकामी आहे."

मी उठले. म्हटलं, "त्यातली फेब्रुवारीची शून्यं सोडून सगळा तक्ता चुकीचा आहे. आधी हा वास घ्या." आणि कोट त्यांच्या नाकाखाली धरला.

त्यांनी रुमाल काढला. "शी! हा तर पाच आहे!"

"पाच नाही, चार. जुना झालाय. कशाचा वास ते ओळखा."

मग मी नाल्याकडची खिडकी उघडली आणि म्हटलं, "आता इथे या." आले. नाक बाहेर काढलं. सगळी सभा त्यांच्या नाकाकडे बघत होती. 

"एक," मालक म्हणाले.

"घासाघीस नको," हेडमास्तर म्हणाले. "खरे गुण सांगा."

"बरं, शून्य. पण याचा अर्थ काय? तुम्ही एवढे दिवस आम्हाला फसवलंत?"

मग मी सांगितलं. पायरी, गारठा, खिळा, कोट, सगळं. मागे कुणीतरी हसलं. मग दोघं-तिघं हसले. मालकही हसले. "म्हणजे बाई, तुम्ही नवऱ्याचा वास घेत होता?"

"हो," मी म्हटलं. "तो तुमच्याच कारखान्याचा आहे. पगार तुम्ही मोजून दिलात, वास सढळ हातानं दिलात."

हसणं थांबलं. टाक्यांवरचा मुकादम कोपऱ्यात बसला होता. त्याची सगळी नोकरी तुमच्या दादांबरोबर झाली. त्यानं हात पुढे केला. मी कोट दिला. त्यानं तो नाकाशी नेला आणि इतका वेळ धरला, की लोक खाली बघायला लागले. मग म्हणाला, "निळ्या आहे हा." कारखान्यात तुमच्या दादांना निळ्या म्हणायचे, हे घरात मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. संसार केला माणसाशी, आणि नाव काल कळलं.

मग कोट हातोहात फिरला. प्रत्येकानं नाक लावून बघितलं. मी अडवलं नाही.

हेडमास्तरांनी माझ्या तक्त्यावर लाल रेघ मारली आणि म्हणाले, "आजवर परीक्षार्थी नापास होताना पाहिले, परीक्षक पहिल्यांदाच." नवा ठराव झाला. फेब्रुवारीची शून्यं धरायची, वर सभेतल्या सगळ्यांचे नाल्याकडे तोंड करून घेतलेले गुण. मालकांना सही करावी लागली, कारण त्यांचं स्वतःचं शून्य सगळ्यांनी ऐकलं होतं. टॉवर राहिला, वन्सं. नाव तुमचं आहे, ते पुसू देऊ नका.

घरी येऊन कोट पुन्हा दाराच्या खिळ्याला लावला. आज सकाळी हुंगला. दोन. फार तर अडीच. सभेनं ओढून घेतला बाकीचा. तरी बरं, आपण काय ओढतोय ते त्यांना कळलं.

एक विचारू? टॉवरमधला भरलेला कोळसा तुम्ही बदलता तेव्हा त्यातला मूठभर मिळेल का? तुम्हीच लिहिलं होतंत, तो मारत नाही, धरून ठेवतो.

वहिनी


१४ मार्च

वहिनी,

भरलेला कोळसा पाठवून उपयोग नाही. त्याला वास येत नाही. आत सगळं असतं, पण भट्टीत घातल्याशिवाय तो काहीही सोडत नाही. तू तापवायला घेशील तर ओळ पुन्हा अर्ज करेल.

पण दुसरं एक पाठवते आहे. नोव्हेंबरात तू दोन बाटल्या पाठवल्या होत्यास. पहिली मी लॅबमध्ये उघडली तेव्हा सगळ्यांनी नाकं दाबून खिडक्या उघडल्या. मी दाबलं नाही. म्हटलं, सर्दी आहे. खोटं बोलता येतं मला, तुला वाटतं तसं नाही.

दुसरी राखीव होती, ती फ्रिजमध्ये तशीच आहे. अहवाल झाला की राखीव बाटली ओतून टाकायचा नियम आहे. तीच पार्सलनं येईल. काठोकाठ आहे. झाकणावर मेण लावलंय. उन्हात ठेवू नकोस, आडवी ठेवू नकोस, आणि धुऊ नकोस.

शेवटचं मीच मला सांगतेय.

तुझी नणंद


२३ मार्च

वन्सं,

बाटली आली. पार्सलवाला तोच होता. "औषध परत आलं का?" म्हणाला. मी म्हटलं, "लागू पडलं."

कपाटात ठेवलीय, तुम्ही घडी घातलेल्या सदऱ्यांच्या मधे, उभी. पलीकडची शेजारीण सदरा आखूड करायला घेऊन आली होती, तिनं पाहिली. 

"हे निळं काय हो बाटलीत?"

"नवरा."

तिनं हातातला सदरा खाली ठेवला. मग म्हणाली, "झाकण घट्ट आहे ना?"

"जिवंत होते तेव्हा नव्हतं," मी म्हटलं.

ती गेल्यावर चहा घ्यायचं पुढे ढकललं. तेल नाही, साबण नाही. मेण सोडवलं, झाकण जरासं फिरवलं आणि लगेच घट्ट केलं. मेण पुन्हा वितळवून लावलंय, नीट लावलंय, काळजी नको. मग बसून जेवले.

आजचे गुण लिहून घ्या. नाला शून्य. बाटली पाचपैकी पाच.

वहिनी